वाटीवरचं नाव

मु. पो. वराळे, ता. मावळ
२ फेब्रुवारी २०२५

चि. सखाराम यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली कळव.

तुला फोन करून उपयोग नाही म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी फोनवर विचारलं की गुडघा कसा आहे, तर तू अर्धा तास कोंबड्यांचं सांगत राहिलास. जन्मभर रेल्वेच्या रुळावर घण मारून तुझे कान गेले, हे मान्य. पण पोराने घेऊन दिलेलं कानाचं यंत्र काही डबीत ठेवायला दिलेलं नाही. ते शिट्टी मारतं म्हणतोस. शिट्टी कुकरही मारतो, म्हणून कुणी उपाशी बसत नाही.

राजेंद्रने मला बेडशाहून इथे आणलं त्याला आता दोन महिने होतील. घर छान आहे, चौथा मजला, लिफ्ट आहे. सोसायटीचं नाव निसर्गछाया. निसर्ग आहे तो नावात, आणि छाया शेजारच्या इमारतीची पडते. सून म्हणशील तर लाखात एक. प्रतीक्षा मला इकडची काडी तिकडे करू देत नाही. पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई, भाजी चिरलेली येते, तांदूळ निवडलेले येतात. मी काय करू विचारलं की म्हणते, आई, तुम्ही आराम करा. सखाराम, आराम एक दिवस बरा असतो.

दारावर बेल आहे, तिच्यात कोकिळा ओरडते. ती ओरडली की मी धावत जाते, तर सामान आणणारा मुलगा. तो ओटीपी मागतो. इथे माझ्याकडे कुणी काही मागितलं तर तेवढंच, आणि नेमकं तेच माझ्याकडे नसतं. बेडशाला दिवस उजाडला की कुणी विरजण मागायला यायचं, कुणी चाळण न्यायचं, तू तर माझी खुरपी नेऊन वर्षभर आणून द्यायचा नाहीस. तेव्हा मी चिडायचे. आता त्या चिडण्याचीही आठवण येते.

तर तुला स्पष्ट सांगते. चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत मी वाट बघीन. तोवर या इमारतीतल्या एकाही माणसाने माझ्याकडे वाटीभर मीठसुद्धा मागितलं नाही, तर मी कायमची बेडशाला येणार. माझं घर झाडून ठेव. राजेंद्रला यातलं काही कळू देऊ नकोस.

वहिनींना जयभीम सांग. आठवण ठेवशीलच, कारण खुरपी अजून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
आक्का


बेडसे
९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

सप्रेम जयभीम. वि. वि. तुझे पत्र पोचले. मजकूर वाचून वाईट वाटले आणि खुरपीचा उल्लेख वाचून जास्त वाईट वाटले.

कानाच्या यंत्राबद्दल पुन्हा लिहू नये. ते लावले की मला तुझी वहिनी काय बोलते ते सर्व ऐकू येते. संसार सुखाचा चालला आहे, तो तसाच चालू दे.

आता मुद्द्याचे. कुणी मागायला येत नाही म्हणून तू दाराकडे बघत बसली आहेस. आपली आई काय करायची ते विसरलीस का? नवी शेजारीण आली की घरात दह्याचे गाडगे भरलेले असतानाही आई तिच्याकडे वाटी घेऊन विरजण मागायला जायची. मी लहानपणी विचारले, तर म्हणाली की आपण मागितल्याबिगर तिला आपल्याकडं मागायला तोंड कसं हुईल. दुसऱ्या दिवशी ती शेजारीण आपल्या दारात चाळण मागायला हजर.

म्हणून माझा सल्ला ऐक. तू जा. वाटीभर काहीही माग. घरात आहे की नाही ते बघू नकोस. एकदा तुझ्या घरात त्यांची वाटी आली की त्यांचे पाय आपोआप तुझ्या उंबऱ्याला लागतील. जयंतीच्या आत सगळी इमारत तुझी होते की नाही बघ. नाही झाली, तर आमच्या पोराचा, आकाशचा पिकअप घेऊन मी स्वतः न्यायला येतो. मोठ्या बहिणीचा लोभ लहान भावावर असतो तसाच राहू दे.

तुझा,
सखाराम


निसर्गछाया, वराळे
२० फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,

सा. जयभीम. वि. वि. हे पत्र आईंच्या नकळत लिहिते आहे. तुम्ही त्यांचे भाऊ, शिवाय तुम्हाला मेसेज पाठवला तर तुम्ही उत्तरादाखल गुलाबाचं फूल पाठवता, म्हणून पत्रच बरं.

मामा, मला दोन गोष्टींत तुमचा सल्ला हवा आहे. पहिली सोसायटीची. आमच्याकडे एकशेवीस फ्लॅट आहेत आणि प्रत्येकात एक ड्रिल मशिन आहे, जे वर्षातून एकदा एक खिळा ठोकायला लागतं. मी पुण्यात एका शिबिराला गेले होते, विषय होता शाश्वत शेजार. वस्तू प्रत्येकाने विकत घेण्याऐवजी सगळ्यांनी मिळून वापरायच्या. ते मला इतकं पटलं की आल्या आल्या मी आणि खालच्या मजल्यावरच्या मदिना मुलाणीने तळमजल्याची बंद खोली मागून घेतली आणि तिथे सामायिक खोली सुरू केली. शिडी, मोठा कुकर, पाहुण्यांच्या गाद्या, तंबू, व्हीलचेअर, सगळं आहे. प्रत्येक वस्तूवर क्यूआर कोड आहे. फोन लावला की वस्तू तुमच्या नावावर.

द्यायला लोक धावत आले. नको म्हणेपर्यंत वस्तू आल्या, चार तर व्यायामाच्या सायकली आल्या. पण न्यायला अजून एक माणूस आलेला नाही! परवा शेटेकाकूंना माळ्यावरचं काढायला शिडी हवी होती, तर त्यांनी नवीन मागवली आणि काम झालं की तीही खोलीला देऊ का, असं विचारलं. आमचे चेअरमन आदिनाथ गराडे म्हणतात की एप्रिलच्या सभेत हा विषय संपवू, खोलीत जिम करू. चार सायकली आहेतच.

दुसरी गोष्ट आईंची. त्यांना काही कमी पडू नये म्हणून मी जीव टाकते, कशालाही हात लावू देत नाही, तरी त्या दिवसेंदिवस गप्प होत चालल्या आहेत. मी आणखी काय करू? तुमच्या उत्तराची वाट बघते. मामींना नमस्कार, आणि माया आहे तशीच ठेवा.

आपली,
प्रतीक्षा


वराळे
६ मार्च २०२५

चि. सखाराम यास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

बाबा रे, तुला एरवी अक्कल नाही असं मी म्हणत आले, ते शब्द मागे घेते. तुझा सल्ला लागू पडला!

मी रोज दुपारी, राजेंद्र आणि प्रतीक्षा नवलाख उंबरे गावाला कंपनीत गेले की, वाटी न घेताच निघते. वाटी नेली नाही की ते आपल्या वाटीत देतात, म्हणजे त्यांची वाटी आपल्याकडे येते. पहिल्या दिवशी मदिनाकडे साखर मागितली. ती गोड मुलगी, रोजे सुरू असूनही मला बसवून घेतलं, आणि संध्याकाळी इफ्तारची भजी घेऊन स्वतः वर आली. मग धीर आला. गराड्यांकडे बेसन मागितलं, शेट्यांकडे डाळ, दुसऱ्या विंगेत काशीद म्हणून आहेत त्यांच्याकडे गूळ. रव्याला नवी बिऱ्हाडं, पोह्यांना जुनी. सगळे देतात. देताना माझ्याकडे फार मायेने बघतात. एक बाई तर डोळे पुसत होती, कांदा चिरत असेल.

आणि आज सकाळची गंमत ऐक. कोकिळा ओरडली, दार उघडलं, तर चेअरमन गराडे, त्यांच्याबरोबर चारपाच माणसं, आणि हातात तांदळाची गोणी, तेलाचा डबा, चहापावडर, साबण! मी म्हटलं, अहो, मी बेसन मागितलं होतं. ते म्हणाले की आक्का, लाजायचं नाही, आम्ही आहोत ना. मग मला मध्ये उभं करून गोणीला हात लावायला सांगितला आणि फोटो काढला. मी डोक्यावरून पदर नीट घेतला. इतकी चांगली माणसं तीन महिने भिंतीपलीकडे राहत होती आणि मी त्यांना नावं ठेवत होते.

आता फक्त ते मागायला कधी येतात तेवढं बघायचं. मीठ भरून ठेवलं आहे.

वहिनींना सांग, बहुतेक मी आता इथेच राहते. लोभ आहेच, तो पत्र टाकून कळवत जा.

तुझी,
आक्का


निसर्गछाया, वराळे
७ मार्च २०२५

ती. मामा,

सा. जयभीम. पुढचा मजकूर बसून वाचावा.

काल कंपनीत जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला, तर सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या आईंचा फोटो. शेजारी तांदळाची गोणी. खाली लिहिलंय, आपल्याच इमारतीतील एका दुर्लक्षित ज्येष्ठ मातेला मदतीचा हात. त्याखाली हात जोडलेली शंभर चित्रं. एकाने ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनचा नंबर टाकला होता. एकीने लिहिलं होतं की सून वस्तू वाटून वापरायचं भाषण करते आणि घरात सासूला वाटीभर डाळ देत नाही.

मामा, मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. घरी आले तर आई खुशीत होत्या आणि मला गोणी दाखवत होत्या. ओट्यावर, कपाटात, देव्हारा असता तर त्यातही ठेवल्या असत्या इतक्या लोकांच्या वाट्या! त्या रोज दुपारी घरोघरी मागत फिरत होत्या. कशासाठी ते मला कळेना. राजेंद्र शिफ्ट संपवून आले. त्यांना गेटवर दोघांनी थांबवून विचारलं होतं की पगार वेळेवर होतो ना. ते तापलेले होते. ते आईंना म्हणाले की घरात काय कमी आहे म्हणून दारोदार फिरून आमची अब्रू घालवतेस. आई ओट्यावरच्या वाट्या एकात एक ठेवत राहिल्या. मीही त्यांची बाजू घेतली नाही.

आता सभेत खोली जाणार हे ठरल्यासारखंच आहे. जी बाई घर सांभाळत नाही ती सोसायटी काय सांभाळणार, असं म्हणायला लोक मोकळे झाले. पण खोली गेली तर जाऊ दे. आईंच्या मनात काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल तर मला सांगा. 

आपली,
प्रतीक्षा


बेडसे
१२ मार्च २०२५

चि. सौ. प्रतीक्षा हिस,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. तुझे पत्र बसून वाचले, मग आडवा पडून पुन्हा वाचले.

आक्काच्या मनात काय होते ते मला ठाऊक आहे, कारण ते मीच घातले. रागावू नकोस. आमच्याकडे मागणे म्हणजे ओळख काढणे. घरात सर्व असले तरी मागायचे असते. तिला डाळ नको होती, तिला शेजार हवा होता. तिच्याकडे कुणी काही मागावे, एवढीच तिची भूक. तसे न झाल्यास ती जयंतीला कायमची बेडशाला येणार, असे तिने मला फेब्रुवारीतच कळवले आहे. हे तुला सांगायचे नव्हते, पण वाटीभर मागितल्यावर एवढी मोठी गोणी फोटोसह कुणी देईल असे मला वाटले नव्हते.

तुझ्या खोलीचेही तेच दुखणे. माणसाला द्यायला आवडते, कारण देताना हात वर असतो. मागताना तो खाली असतो. आणि तुझ्या त्या शाश्वत शेजाराबद्दल म्हणशील, तर विहारात आम्ही दर पौर्णिमेला ऐकतो की जगात शाश्वत काहीच नाही. निदान शिडी तरी नाही. पण शेजार टिकावा असे मलाही वाटते. म्हणून एकच विचारतो. त्या खोलीतल्या वस्तूंपैकी तू स्वतः कोणती नेलीस? उत्तर कळवले नाहीस तरी चालेल.

राजेंद्रला म्हणावे, आईशी बोल. मामावर रोष न धरता घरी येत जावे.

तुझा,
सखाराममामा


वराळे
२० मार्च २०२५

चि. सखाराम यास आशीर्वाद.

मला काल वॉचमन जानूने सगळं सांगितलं. तो आपल्याकडचाच, खांडशीचा. म्हणाला की आक्का, तुमी लय भोळ्या, हितं मागायचं न्हाई कुनाला, हितं मागितलं की मानूस भिकारी हुतो. लोकांनी मला भीक घातली, सखाराम, आणि मी पदर सावरून फोटो काढून घेतला.

राजेंद्र बोलत नाही. प्रतीक्षा बोलते, पण काचेच्या भांड्याशी बोलावं तशी. तिला माझ्यामुळे बोलणी खावी लागली ह्याचं मला फार वाईट वाटतं. तिच्याकडे बघायचा धीर होत नाही.

जयंतीची वाट बघायची नाही. येत्या मंगळवारी दुपारी पिकअप घेऊन ये, दोघं कामावर असतील. येताना घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन ये, चांगला पायलीभर. लोकांच्या वाट्या माझ्याकडे आहेत, आणि रिकामी वाटी परत करण्याइतकी मी अजून गेलेली नाही. मी कुणाच्या दारात पाय ठेवणार नाही. तूच सगळीकडे देऊन ये. नावं घातलेली आहेत वाट्यांवर.

आक्का


बेडसे
२६ मार्च २०२५

चि. सौ. प्रतीक्षा हिस,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि. आक्का सुखरूप पोचली. तुम्हाला न सांगता नेली याबद्दल माफी असावी. रस्ताभर ती बोलली नाही, पण मी यंत्र लावलेले नसल्यामुळे बोलली असल्यास माहीत नाही.

तुला काळजी नको म्हणून कळवतो की लोकांच्या सर्व वाट्या, डबे आणि एक तपेली मी तांदूळ भरून, स्वतः हाताने, ज्याची त्याला पोचवली. एकही चूक झालेली नाही. भांड्यावरचे नाव वाचायचे आणि दारावरची पाटी वाचायची, इतके सरळ काम. शेटे परिवाराकडून सप्रेम, अशी होती ती शेट्यांना दिली. काशीद कोरलेली दुसऱ्या विंगेतल्या काशिदांना दिली. एका डब्यावर सेवानिवृत्तीनिमित्त असे होते. पहिल्या मजल्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ पेपर वाचत होते, त्यांना दिला. एकावर बाळाच्या बारशास, असे होते, तो ज्या दारापुढे लहान चपला दिसल्या तिथे दिला. शेखभाई टेलर, कामशेत, ही वाटी कुणाची ते कळेना. मग तुझ्या मदिनाला दिली. पाटीवर मुलाणी आहे, पण म्हटले ओळखीचे असतील.

प्रत्येक दारात लोक काहीतरी सांगत होते. मी हो हो म्हणत होतो. माणसे अगत्यशील वाटली. काही तर जिन्यापर्यंत मागे आली.

आक्का तुझ्यावर रागावलेली नाही. इथे आल्यापासून तुझेच कौतुक करते, ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने करते. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
सखाराममामा


निसर्गछाया, वराळे
८ एप्रिल २०२५

ती. आईंना,

सा. न. वि. वि. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट बोलताही आलं नसतं.

आधी इकडची बातमी, आणि ती मामांना सांगू नका. त्यांना वाटतंय त्यांनी काम फार चोख केलं. आई, आपल्याकडे भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालतात, घेणाऱ्याचं नाही, हे मामा साफ विसरले! लग्नात शेट्यांनी दिलेली वाटी दुसऱ्याच कुणाच्या घरची होती. सेवानिवृत्तीचा डबा ज्यांना मिळाला ते काका अजून नोकरीत आहेत, केस लवकर पिकलेत एवढंच. बारशाचा डबा ज्या घरी गेला तिथे लहान चपला कामवाल्या बाईच्या मुलीच्या होत्या, आणि तिथल्या सुनेच्या सासूने तो शुभशकुन मानून फोनवर सगळ्यांना पेढे मिळणार म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी इमारतीत प्रत्येकाच्या घरात दुसऱ्याची वाटी, तीही भरलेली. ठेवून घेता येईना आणि कुणाची ते कळेना. मग लोक निघाले. हातात वाटी, समोरचं दार, तोंडावर ओशाळं हसू. सहा वर्षांत जी दारं वाजली नव्हती ती वाजायला लागली. तांदूळ काढून घेतलेल्यांना वाटी रिकामी न्यायचा संकोच, म्हणून कुणी लाडू घातला, कुणी चिवडा. ईदच्या संध्याकाळी मदिनाने ग्रुपवर लिहिलं की ज्याच्याकडे जी वाटी असेल ती घेऊन सामायिक खोलीत या, शीरखुर्मा आहे. सगळे आले. दुसऱ्यांच्या वाट्यांतून शीरखुर्मा प्याले आणि मग आपापली ओळखली. निघताना शेटेकाकू हळूच म्हणाल्या की नवीन शिडी डुगडुगते, खोलीतली नेऊ का गं दोन दिवस. कोड लावायचं मला सुचलंच नाही. मी म्हटलं, न्या.

फक्त गराड्यांची वाटी राहिली. ती त्यांच्या आईची होती, आईच्या माहेरची, म्हणून तिच्यावर काशीद कोरलेलं. आणि काशीद म्हणे, नाव आमचं, वाटी आमची! चेअरमनना त्यांच्या दारात जाऊन मागावी लागली. आत गेले ते दोन तासांनी बाहेर आले. काशीद त्यांच्या मामाच्या भावकीतले निघाले. तुमच्या फोटोबद्दल त्यांनी ग्रुपवर माफी मागितली आहे आणि गोणी खोलीत ठेवली आहे, ज्याला लागेल त्याने न्यावी. जिमचं पुन्हा बोलले नाहीत. सभा रविवारी झाली, खोली राहिली.

आणि रोज कुणीतरी बेल वाजवून विचारतं, आक्का आहेत का. तो तांदूळ शिजला तेव्हा जिनाभर वास सुटला होता, आणखी वाटीभर मिळेल का. मी सांगते, गावी गेल्यात. मग विचारतात, कधी येणार.

राजेंद्रना तुमचं तोंड बघायची लाज वाटते, माफी कशी मागायची कळत नाही म्हणतात. मी म्हटलं, मागायची सवय करा. परवा त्यांना मदिनाकडे विरजण आणायला पाठवलं. ते जिन्यात इतका वेळ उभे राहिले की जानू वर येऊन म्हणाला, साहेब, किल्ली इसरली का. विरजण मिळालं. दही मात्र लागलं नाही.

आता माझं. मामांनी मला विचारलं होतं की त्या खोलीतलं तू काय नेलंस. मी काहीच नेलं नव्हतं, आई. शिडी हवी असताना मी स्टुलावर खुर्ची ठेवून चढत होते. आणि तुमच्याकडेही मी कधी काही मागितलं नाही. मला वाटायचं तो माझा चांगुलपणा आहे. तुम्हाला त्रास नको, त्रास नको करता करता मी तुम्हाला घरात पाहुणी करून टाकलं.

म्हणून आज मागते. संध्याकाळी मी कंपनीतून येते, चौथ्या मजल्यावर पर्समधून चाचपडत किल्ली काढते आणि आपल्याच घरात चोरासारखी शिरते. तुम्ही होतात तेव्हाही, तुम्हाला उठायला लागू नये म्हणून मी किल्लीच लावायचे. मला दार उघडायला कुणीतरी हवं आहे, आई. ड्रिल मशिन पुष्कळ आहेत. तुम्ही या.

तुमची,
प्रतीक्षा


बेडसे
१५ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रतीक्षा हिस,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. काल जयंती झोकात झाली. राजेंद्र सकाळीच मोटारसायकलवर येऊन हजर झाला. माझ्यापुढे उभा राहून हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिला. शेवटी म्हणाला, आई, जेवायला वाढ. एवढ्या मोठ्या माणसाला माफी मागता येत नसली तरी भाकरी मागता आली, मी तेवढ्यावर भागवलं. चार भाकरी खाल्ल्या त्याने.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा डोळे भरून आले आणि अक्षर दिसेना, म्हणून सखारामला वाचायला दिलं. ऐकू येत नाही म्हणून तो केवढ्याने वाचतो ते तुला ठाऊक आहे. भांड्यांचा भाग मी आधीच दुमडून ठेवला होता. पुढचं सगळं आख्ख्या आळीने ऐकलं. माझी सून मला मागते हे आता सगळ्या बेडशाला माहीत झालं. वहिनीने पदराला डोळे पुसले. पोरी, मला फार बरं वाटलं. नवरा गेल्यापासून मी कुणाला तरी हवीशी आहे असं मला वाटलं नव्हतं.

मी येते. पण माझ्या अटी आहेत. पोळ्यांची बाई राहू दे, भाजी मी करीन आणि मीच चिरीन. न निवडलेले तांदूळ कुठे मिळतात ते शोध. ओटीपी मी देणार नाही. शेट्यांना सांग, शिडी परत करताना त्यांची डुगडुगणारीही घेऊन या, राजेंद्र खिळा मारून देईल, एक तरी ड्रिल मशिन कामाला येईल. आणि माझ्याकडे मागायचं ते असं पत्रातून नाही, तोंडाने मागायचं. मी नाही म्हटलं तर भांडायचं.

रविवारी पिकअपने येते, तांदळाच्या दोन गोण्या आहेत. दारात फोटो काढायला कुणी उभं राहिलेलं मला चालणार नाही.

सोमवारी कामावर जाशील तेव्हा किल्ली घरीच ठेवून जा.

तुझी,
आई